शेवटचा पेग किती वाजता?

व्यसन आणि उपचार : भाग ५

गेल्या भागाच्या शेवटी घरातला माणूस ‘हो’ म्हणाला होता. महिनोन्‌महिने चाललेली भांडणं, देवापुढच्या शपथा, मोरीत ओतलेल्या बाटल्या, गावाहून आलेल्या मामांनी केलेली कानउघाडणी, हे सगळं होऊन एका सकाळी तो म्हणतो, ‘चला, करा मला ॲडमिट.’ तिथून रुग्णालयातल्या खाटेपर्यंतचं अंतर आज पाहायचं आहे. अंतर थोडंच असतं, पण बरेच जण तिथंच अडकतात.

कारण बहुतेक घरांत पुढं असं होतं. कुणी म्हणतं, महिनाअखेर आहे, पगार होऊ दे. कुणी म्हणतं, धाकटीचं लग्न होऊन जाऊ दे, पाहुण्यांना काय सांगणार? आणि घरातला सगळ्यांत शहाणा समजला जाणारा माणूस म्हणतो, ‘आधी दोन दिवस घरी सोडून दाखव म्हणावं. एवढा खर्च करायचा तर त्याच्या मनाची तयारी आहे की नाही, ते कळायला नको?’

हा सल्ला ऐकायला रास्त वाटतो. रोज, भरपूर, वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

घरचे लोक मानसोपचार विभागाच्या बाकावर बसतात तेव्हा त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : हा सुधारेल का? डॉक्टरांचा पहिला प्रश्न मात्र भलताच असतो. शेवटची कधी घेतली? किती वाजता? किती? घरच्यांना हे ऐकून ओशाळल्यासारखं होतं. सकाळी रिक्षात बसण्याआधीही तो कोपऱ्यावर जाऊन आला, हे परक्या माणसापुढं कसं सांगायचं? म्हणून बायको खाली मान घालून म्हणते, ‘चार दिवस झाले, बंद आहे.’ तिला वाटतं, नवऱ्याची थोडी लाज राखली. प्रत्यक्षात डॉक्टरांचं घड्याळच चुकवून टाकलेलं असतं.

हे घड्याळ समजून घेऊ. दारू मेंदूला शांत करते, गुंगी आणते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीतही काम करता यावं म्हणून स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. घाटात ब्रेकवर पाय ठेवूनच ॲक्सिलरेटर दाबत जाणाऱ्या ड्रायव्हरसारखी त्याची अवस्था असते. दारू एकाएकी थांबली की ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर मात्र तसाच दाबलेला राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं, मळमळतं, झोप उडते. सकाळी उठल्या उठल्या ‘उतारा’ लागतो तो यासाठीच. घोटभर पोटात गेली की हात थांबतात. ज्याला सकाळचा उतारा लागतो, त्याला घरच्या घरी सोडून दाखवायला सांगू नये, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

काहींचं थरथरण्यावर भागतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, अगदी ज्याला जन्मात कधी आली नव्हती अशालाही. आणि थोड्यांच्या बाबतीत दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान खरा धोका उभा राहतो. माणूस भ्रमात जातो. दिवस की रात्र, घर की दवाखाना, कळत नाही. भिंतीवर किडे चालताना दिसतात, अंथरुणातून काही तरी वेचत राहतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, ताप चढतो, रक्तदाब वाढतो, अंग घामानं भिजतं. डॉक्टर याला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात, वॉर्डात नुसतं ‘डीटी’. घरात मात्र ‘वेड लागलं’ किंवा ‘बाहेरचं काही तरी आहे’ असं म्हणतात आणि गाडी रुग्णालयाऐवजी देवऋषाच्या दाराकडं वळते. उपचाराविना डीटीमध्ये मृत्यूचं प्रमाण मोठं असतं. वेळेवर उपचार मिळाले तर ते शंभरात पाचांच्या आत आणता येतं. इतका फरक फक्त माणूस कुठं आहे यानं पडतो.

डीटीची एक जागा मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते, ती म्हणजे हाडांचा वॉर्ड. माणूस मोटरसायकलवरून पडतो, मांडीचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. भूलतज्ज्ञानं विचारलेलं असतं, दारू पिता का? ‘कधी तरी, समारंभात,’ असं उत्तर दिलेलं असतं. तिसऱ्या रात्री हा गृहस्थ सलाईन उपसून काढतो, प्लास्टर घातलेल्या पायानं पलंगावरून उतरू पाहतो, आणि सगळा वॉर्ड जागा होतो. घरच्यांना वाटतं, भूल चढली. खरं तर दारू सुटून तीन दिवस झालेले असतात. रुग्णालयात कशासाठीही दाखल व्हा, पिण्याचं खरं प्रमाण सांगा. हे वाक्य प्रत्येक वॉर्डाच्या दारावर लावायला हवं, असं माझं मत आहे.

असाच दुसरा धोका आपल्या पंचांगात आहे. आषाढ संपता संपता गटारी होते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. शनिवार-रविवारी घेणाऱ्यानं महिनाभर पाळला तर उत्तमच. पण ज्याचं शरीर दारूवर अवलंबून आहे, त्यानं गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून एकदम शून्यावर यायचं, म्हणजे स्वतःला फिटच्या तोंडी देणं आहे. गणपतीत सोडणारे, माळ घालणारे, यांचंही तेच. श्रद्धेला इथं कुणी नाव ठेवत नाही. फक्त माळ घालण्याआधी डॉक्टरकडं जावं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा हे सगळं देशभर एकदम दिसलं. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी त्या दिवसांत फिट आणि भ्रमाचे रुग्ण कसे वाढले ते नोंदवून प्रसिद्ध केलं. केरळ सरकारनं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला होता, तो तिथल्या उच्च न्यायालयानं थांबवला.

म्हणजे सगळ्यांनीच रुग्णालयात भरती व्हावं का? तसं नाही. बऱ्याच जणांची दारू मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, बाह्यरुग्ण विभागातून गोळ्या नेऊन, घरी सुटते. पण पूर्वी कधी सोडताना फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर पुढच्या वेळी तो त्रास पुन्हा, आणि बहुधा आधीपेक्षा जोरात होतो. तेव्हा घरी प्रयोग नकोत. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, हृदयाचा आजार, बेताबाहेर गेलेला मधुमेह, गर्भारपण, उतारवय, दारूच्या जोडीला झोपेच्या गोळ्या, डोक्यावर पडल्याचा अलीकडचा इतिहास, यातलं काहीही असेल तर रुग्णालयच हवं. ‘मला जगायचं नाही’ असं तो म्हणत असेल तर अर्थातच. आणि ज्याच्या घरी गोळ्या वेळेवर देणारं, रात्री उठून पाहणारं कुणीच नाही, त्यालाही. हा शेवटचा मुद्दा वैद्यकीय वाटत नाही, पण भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकाला गोळ्यांची पुडी देऊन घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे.

रुग्णालय आणि व्यसनमुक्ती केंद्र यांतला फरक इथं सांगायला हवा, कारण मराठीत आपण दोन्हीला ‘सेंटरला टाकलं’ असंच म्हणतो. रुग्णालयात शरीरातून दारू किंवा ड्रग सुखरूप बाहेर काढण्याचं काम होतं. त्याला साधारण पाच ते दहा दिवस लागतात. व्यसनमुक्ती केंद्रात त्यानंतरचं काम होतं : समुपदेशन, गटसभा, दिनक्रम, कुटुंबीयांची बैठक. ते आठवड्यांचं, महिन्यांचं काम आहे. काही ठिकाणी दोन्ही एकाच छताखाली चालतं. पुण्याचं मुक्तांगण हे महाराष्ट्राला सगळ्यांत परिचित उदाहरण. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं. तेव्हा समोर संकट ब्राऊन शुगरचं, म्हणजे गर्दचं होतं. मुंबईत फादर ज्यो परेरा यांची कृपा फाउंडेशन त्याआधीपासून, 1981 पासून काम करत होती. पण ज्या केंद्रात डॉक्टर फक्त आठवड्यातून एकदा येतो, तिथं फिटचा इतिहास असलेल्या माणसाला थेट नेऊन सोडू नका. आधी रुग्णालय, मग केंद्र.

सरकारी वाटा आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, एवढी चौकशी करणं सुरुवातीला पुरतं. मनोरुग्णालय हे नाव ऐकून घरचे बिचकतात. ‘वेड्यांच्या दवाखान्यात?’ असं म्हणून खासगीत जातात, पैसे संपले की अर्ध्या उपचारात परत येतात. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची 14446 ही हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली मानस’ची 14416. दोन्हीकडून जवळची सोय विचारता येते.

दारूखेरीज इतर नशांचं गणित थोडक्यात. ब्राऊन शुगर ओढणाऱ्याला ती थांबल्यावर जे होतं त्याला त्याच्या जगात ‘टर्की’ म्हणतात : नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, हाडं मोडल्यासारख्या वेदना, जुलाब, अंगावर काटा. एरवी धडधाकट माणूस त्यानं सहसा दगावत नाही, पण त्याला ती सोसवत नाही आणि तो पळून जातो. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधानं टर्की आटोक्यात येते. मात्र अंगात ड्रग शिल्लक असताना ते औषध दिलं तर उलट टर्की एकदम उसळते, म्हणून इथंही पहिला प्रश्न तोच : शेवटचं कधी ओढलंस? अल्प्राझोलम, नायट्राझेपाम अशा झोपेच्या गोळ्या मूठ-मूठ खाणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची फिट काही दिवसांनी, कधी आठवडा उलटल्यावरही येते, आणि गोळ्या कित्येक आठवडे थोड्या थोड्या कमी करत न्याव्या लागतात. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेणाऱ्याला दाखल करतात ते बहुतेक वेळा संशय, भास, हिंसकपणा किंवा नंतर येणारं घोर नैराश्य यांसाठी. नुसत्या गांजासाठी खाट क्वचितच लागते.

आता प्रत्यक्ष दाखल होण्याचा दिवस. जमलं तर सकाळी लवकर पोचा. केसपेपर निघेपर्यंत, रक्ततपासणीची रांग संपेपर्यंत दुपार होते आणि दुपारपर्यंत त्याचे हात थरथरायला लागलेले असतात. खूप जण याच वेळी ‘जरा चहा पिऊन येतो’ म्हणून गेटाबाहेर पडतात आणि संध्याकाळी गुत्त्यावर सापडतात. म्हणून सोबत दोघं हवेत, एक रांगेत, एक त्याच्याजवळ. थरकाप वाढला, उलट्या सुरू झाल्या, बोलण्यात विसंगती आली, तर बाह्यरुग्ण विभागाची रांग सोडून सरळ अपघात विभागात जा आणि ‘रोज पितो, आज इतके तास झाले’ असं स्पष्ट शब्दांत सांगा.

किती पितो, हे सांगताना ‘थोडी’, ‘जास्त’ या शब्दांचा उपयोग नाही. क्वार्टर किती, नाइंटी किती, देशी की विदेशी, हातभट्टीची की बारमधली, हे सांगा. एका क्वार्टरमध्ये 180 मिलिलिटर दारू असते. नेहमीच्या 42.8 टक्क्यांच्या व्हिस्की-रममध्ये त्यातलं शुद्ध अल्कोहोल साधारण 60 ग्रॅम भरतं. डॉक्टर 10 ग्रॅमचं एक माप धरतात, म्हणजे एक क्वार्टर ही सहा मापं झाली. ‘रोज फक्त एक क्वार्टर’ म्हणणाऱ्याला हा हिशेब ऐकवून पाहा. सोबत आधीच्या डिस्चार्जचे कागद, चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, आधार कार्ड, आणि कुणाला किती वर्षांपूर्वी फिट आली होती याची घरच्या बाईची आठवण. ही शेवटची गोष्ट कुठल्याच फायलीत नसते.

पिशवी तपासली जाईल, त्यात अपमान वाटून घेऊ नका. हँड सॅनिटायझर, आफ्टरशेव्ह, खोकल्याचं औषध, ब्लेड, पट्टा, हे काढून घेतात. पहिल्या दोन वस्तूंमध्ये अल्कोहोल असतं आणि कासावीस झालेला माणूस ते पितो, याचा अनुभव वॉर्डांनी घेतलेला आहे.

तपासणीत यकृत, साखर, क्षार, रक्ताचं प्रमाण, ईसीजी पाहतात. डोक्यावर खोक दिसली तर सीटी स्कॅनचा आग्रह धरतील, तो धरू द्या. दारूच्या वासामागं मेंदूतला रक्तस्राव लपून राहतो. ‘प्यालाय, झोपू दे, उतरेल’ असं म्हणता म्हणता माणूस गेल्याची उदाहरणं डॉक्टर मंडळी सांगतात.

मग औषधं. इथं माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे ती एक साधं जीवनसत्त्व : थायमिन, म्हणजे बी-1. न जेवता पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा संपलेला असतो. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेऊन ग्लुकोजची बाटली चढवण्याची आपल्याकडं फार हौस. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. उरलासुरला साठा त्यात खर्ची पडतो आणि मेंदूचा जो भाग आधीच उपाशी आहे तो कोलमडतो. डोळ्यांची बुबुळं लटपटतात किंवा एका जागी अडकतात, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी 1881 मध्ये हे वर्णन केलं, त्यांच्याच नावानं तो आजार ओळखला जातो. तिन्ही खुणा एकत्र दिसतातच असं नाही, म्हणून संशय आला की शिरेतून थायमिन सुरू करतात. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. माणूस दारू सोडतो, पण सकाळी काय जेवला ते दुपारी आठवत नाही. म्हणून वॉर्डात थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. इंजेक्शन अगदी स्वस्त असतं.

थरकाप आणि फिट टाळण्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा यकृत खराब असेल तर लोराझेपामसारखी औषधं देतात, पहिल्या दिवशी जास्त, मग रोज कमी करत. परिचारिका दर काही तासांनी येऊन हात पुढं करायला सांगतात, घाम पाहतात, मळमळतंय का, कुणाचे आवाज ऐकू येतात का, आज कोणता वार, असे प्रश्न विचारतात. अशा दहा गोष्टींना गुण देऊन एक बेरीज करतात, ती जास्तीत जास्त 67 होऊ शकते. बेरीज वाढली की डोस वाढतो. नातेवाइकांना वाटतं, एवढ्या गुंगीच्या गोळ्या? एक नशा सोडवून दुसरी लावताय का? नाही. त्या गोळ्या काही दिवसांत बंद होतात, फक्त त्या काळात मेंदूवरचा ताबा सुटू देत नाहीत. मात्र डिस्चार्जच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या मुदतीनंतर त्याच गोळ्या मेडिकलमधून आणून चालू ठेवणं, हे दुसऱ्या व्यसनाचं दार आहे.

आता कायदा, कारण बहुतेक घरांत दाखल करताना ‘त्याच्या मनाविरुद्ध नेता येईल का?’ हा प्रश्न असतोच. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 हा 2018 पासून लागू आहे. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. सज्ञान माणूस स्वतःहून दाखल व्हायला आला, त्याला आपण काय करतो आहोत ते कळत असलं आणि कुणाचा दबाव नसला, तर तो ‘स्वतंत्र रुग्ण’. शक्य तितकं दाखल करणं असंच व्हावं, ही कायद्याची भूमिका. असा रुग्ण घरी जायचं म्हणाला तर त्याला जाऊ द्यावं लागतं. फक्त त्याच्या जिवाला किंवा इतरांना धोका वाटत असेल तर तपासणीसाठी 24 तासांपर्यंत थांबवता येतं.

मनाविरुद्ध दाखल करायचं तर अटी कडक आहेत. नामनिर्देशित प्रतिनिधीनं, म्हणजे रुग्णानं आधी नेमलेल्या किंवा नेमलेला नसेल तर कायद्यानं ठरवलेल्या माणसानं, बहुधा जवळच्या नातेवाइकानं, अर्ज करायचा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी गेल्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. रुग्णाच्या बाबतीत अलीकडं स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी, इतरांशी हिंसा, किंवा स्वतःची देखभाल करता न येण्याइतकी दुरवस्था, यांपैकी काही तरी दिसलं पाहिजे. ‘रोज पितो आणि घरात शिव्या देतो’ एवढं पुरत नाही. अशी भरती जास्तीत जास्त 30 दिवसांची, तीही सात दिवसांत पुनरावलोकन मंडळाला कळवून, आणि स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. भ्रमात गेलेल्या, फिट येणाऱ्या माणसासाठी मात्र या वाटेनं जायची गरज नाही. जिवाला धोका असताना कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण, रात्री जीप घेऊन येणारी आणि माणसाला उचलून नेणारी ‘सेंटरं’. घरचे त्रासून फोन करतात, चार धट्टेकट्टे येतात, हातपाय बांधून नेतात. नोंदणीशिवाय मानसिक आरोग्य आस्थापना चालवता येत नाही आणि साखळदंडानं बांधणं कायद्यानं पूर्ण बंद आहे. दाराशी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक आहे का, रात्री डॉक्टर असतो का, पहिल्या आठवड्यात भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारा. ‘तीन महिने भेटायचं नाही, फोन नाही’ असं उत्तर आलं तर मुकाट्यानं दुसरीकडं जा. त्रासलेल्या बायकोला किंवा आईला मी दोष देत नाही. ती किती रात्री जागलेली असते ते मला माहीत आहे. दोष त्या जीपवाल्यांचा आहे.

तसाच दुसरा धंदा : ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा.’ एसटी स्टँडच्या भिंतीवर, पेपरातल्या छोट्या जाहिरातींत ही ओळ दिसते. त्या पुड्यांत काय असेल ते कोण सांगणार. पण डायसल्फिराम हे खरंखुरं औषधही काही घरांत लपवून भाजीत मिसळलं जातं. त्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय धोक्यात येतं. माहीत असलेल्या, समजून घेणाऱ्या माणसासाठी ते उपयोगी औषध आहे. न सांगता दिलं तर विषप्रयोगापासून ते फारसं लांब नाही.

ड्रग घेणाऱ्याला आणखी एक भीती असते : रुग्णालयातून पोलिसांना कळवतील का? अमली पदार्थविरोधी कायद्यात, एनडीपीएसमध्ये, 64-अ हे कलम आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार मात्र पूर्ण करायला हवेत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं मानसिक आरोग्य कायद्यानंही बंधनकारक आहे. कंपनीत रजेसाठी दाखला हवा असेल तर त्यात किती तपशील लिहायचा, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं.

पैशाचं बोलायचं तर विम्यावर विसंबून निघू नका. मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीनं विमा द्यावा, असं मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या बाबींच्या यादीत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरचे उपचार लिहिलेले असतात. या दोन गोष्टी एकमेकींशी कशा जुळतात, हे मला तरी समजलेलं नाही. पॉलिसीची ती पानं दाखल होण्याआधी वाचा, बिल हातात आल्यावर नव्हे.

बायकांविषयी दोन ओळी. दारू किंवा गोळ्यांत अडकलेली स्त्री रुग्णालयापर्यंत पोचतच नाही. सासर झाकतं, माहेर झाकतं. आलीच तर बहुतेक केंद्रं पुरुषांसाठी असतात. मुक्तांगणचा ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे. असे विभाग बोटांवर मोजण्याइतके. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी मानसोपचार वॉर्डाची स्त्रियांची बाजू हाच खरा पर्याय उरतो.

दिल्लीच्या एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांमागं एकालाच कसले तरी उपचार मिळालेले होते, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला 180 जणांत एक. उरलेल्यांमधले कितीतरी जण आज सकाळी कुठल्या तरी घरात ‘दोन दिवस सोडून दाखव’ हे ऐकत असतील.

राहिला डिस्चार्ज. पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस स्वच्छ दाढी करून खाटेवर बसलेला दिसतो, भूक लागते, मुलांची चौकशी करतो. घरच्यांना वाटतं, झालं काम. ब्राऊन शुगरवाल्याच्या बाबतीत तर हेच दिवस सर्वांत घातक असतात. शरीराची सवय मोडलेली असते. जुन्या मापानं एकदाच ओढलं किंवा टोचलं, तरी श्वास थांबू शकतो. म्हणून वॉर्ड सोडण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या : पुढच्या तपासणीची तारीख, कोणती गोळी किती दिवस, आणि रुग्णालयातून थेट केंद्रात जायचं असेल तर तिथली खाट नक्की झाल्याचा निरोप. मधे ‘चार दिवस घरी विश्रांती’ ठेवू नका. कायद्यानुसार डिस्चार्जनंतरच्या उपचारांचं नियोजन रुग्ण आणि प्रतिनिधी यांच्याशी बोलून करणं हे रुग्णालयाचंच काम आहे, तेव्हा विचारायला संकोच नको.

पुढच्या भागात : घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने, नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट या गोळ्या, आणि ‘एकदाच घेतली’ या फोनला काय उत्तर द्यायचं.